समुद्र दाराशी, तरी पाणी घरचं

माहीमच्या किनाऱ्यावर भरती चढू लागली की सुरूच्या झाडांमधून दोघं-तिघं पोरं वीस-वीस लिटरचे जार घेऊन खाली उतरताना अधूनमधून दिसतात. घरात नवी काचेची टाकी आलेली असते. पंप, दिवा, वाळू सगळं जमलेलं असतं. दुकानदारानं मिठाच्या बादलीची किंमत सांगितली की घरातलं कुणीतरी वडीलधारं हटकून विचारतं, "अरे, समुद्र दाराशी आहे, मीठ कसलं विकत घेतोस?" हे माहीम पालघरचं, केळव्याला लागून असलेलं. मुंबईतलं माहीम वेगळं. इथे समुद्र खरोखरच दाराशी आहे, म्हणून हा प्रश्नही इथे जास्त खरा आहे.

मीही एकदा असेच जार भरून आणले होते. गणपती होऊन गेले होते, पाणी वरवर निवळलेलं दिसत होतं. चौथ्या दिवशी टाकीला वास येऊ लागला. सहाव्या दिवशी तिच्यात जिवंत काही उरलं नाही. नव्या टाकीतलं पाणी बिघडतं कसं आणि सांभाळायचं कसं, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे. मिळालेली उत्तरं इथे एकत्र मांडतो.

समुद्रात दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. माशानं सोडलेली घाण, कुजलेलं शेवाळ, उन्हानं वाढलेला खारेपणा हे सगळं ती हलवते, पातळ करते, घेऊन जाते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ एकशे नव्वद लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर दीडशे उरतं. त्या दीडशे लिटरांत भरती-ओहोटीचं काम करायला पाळणाऱ्याखेरीज कुणी नाही. पुढचा सगळा हिशेब याच दीडशे लिटरांचा आहे.

आधी आपल्या किनाऱ्याच्या पाण्याचं बोलू. पालघरचा समुद्र खंबायतच्या आखाताला जवळचा. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, आणि एवढं पाणी रोज आत-बाहेर होताना तळाचा गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. म्हणून आपलं पाणी मातकट दिसतं. ते घाण आहे म्हणून नव्हे. याच गाळावर बोंबील, मांदेली, कोळंबी पोसली जाते. सातपाटीचं नाव ज्या पापलेटमुळे झालं, तो २०२३ साली राज्यमासा ठरलेला मासाही याच पाण्यातला. मात्र टाकीसाठी लोक जे मासे घेतात, ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश किंवा निळे डॅमसेल, ते प्रवाळाच्या समुद्रातले असतात. लक्षद्वीप-अंदमानचं ते पाणी नितळ, गाळ नसलेलं, पोषकद्रव्यांनी गरीब. दोन्ही समुद्रच, पण एकाच्या माशाला दुसऱ्याचं पाणी मानवत नाही.

शिवाय किनाऱ्याचं पाणी बारा महिने सारखं नसतं. पावसाळ्यात वैतरणा, सूर्या, बाणगंगा आणि लहानसहान ओहोळ इतकं गोडं पाणी आणतात की खाडीच्या तोंडाशी खारेपणा पार उतरतो. गणपतीच्या सुमाराला दिसलेलं ते निवळलेलं पाणी मला यामुळेच नडलं असणार. वर गोड्या पाण्याचा थर आणि पोटात विरघळलेली शेतं-गटारं, असं ते पाणी. त्यात पालघरकडून येणाऱ्या पाणेरीच्या ओहोळातल्या सांडपाण्याबद्दल माहीम-वडराईची माणसं वर्षानुवर्षं तक्रार करत आली आहेत. उत्तरेला तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नळातून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्यावर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे त्यांनाच कायद्याच्या दारात जावं लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. टाकीवाल्यानं एवढंच लक्षात घ्यावं की कारखान्याच्या पाण्यातल्या तांब्या-जस्ताचा अंश माशाला कदाचित सोसेल, पण झिंगा, गोगलगाय, समुद्रफूल यांना तांबं अगदी थोडं असलं तरी मारतं. आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तरीही कुणाला समुद्राचंच पाणी हवं असेल तर रीत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, खाडीच्या तोंडापासून दूर, होडीनं जमेल तितकं आत जाऊन, भरती पूर्ण चढलेली असताना पाणी घ्यायचं. ते लगेच वापरायचं नाही. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, ते साठवणीत मरून कुजतात. म्हणून झाकलेल्या, काळोखातल्या पिंपात काही आठवडे ठेवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी हवा सोडून वापरायचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मत्स्यालय उभारणाऱ्या विल्यम अल्फोर्ड लॉइड यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यांनी जमिनीखालच्या काळोख्या हौदात फिरतं ठेवलं. कोळंबीच्या हॅचरीवाले समुद्राचं पाणी क्लोरिननं मारून घेतात आणि मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून क्लोरिन उतरवतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण दीडशे लिटरांसाठी होडी, पिंपं आणि महिनाभराची जागा एवढं सगळं करण्यापेक्षा मीठ विकत घेणं स्वस्त पडतं. माझं मत स्पष्ट आहे: माहीमच्या माणसानं पहिली टाकी विकतच्या मिठावरच करावी.

मग पुढचा प्रश्न येतो, तोही आपल्याकडचाच. मीठच हवं तर मिठागरातलं का नको? खडे मीठ काय कमी खारट असतं? याचं उत्तर मिठागरात काम केलेल्या माणसाला लवकर पटतं. कोंडीत पाणी आटत जातं तेव्हा त्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि बऱ्याच उशिरा खाण्याचं मीठ. मीठ बसलं की वरचं कडसर पाणी काढून टाकतात, नाहीतर मीठ कडू होतं आणि ओलं राहतं. त्या काढून टाकलेल्या पाण्यातच मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जातं. म्हणजे जिभेला चांगलं लागणारं मीठ समुद्राच्या दृष्टीनं अर्धवट असतं. एक लिटर समुद्रात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, पण त्याखेरीज सल्फेट पावणेतीन, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या थोडं वर, कॅल्शियम आणि पोटॅशियम चारशे-चारशे मिलिग्रॅमच्या आसपास.

चॅलेंजर जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. १८८४ साली त्यांनी दाखवलं की खुल्या समुद्रात खारेपणा कमी-जास्त झाला तरी या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. टाकीवाला नुसता खारेपणा मोजून निर्धास्त राहू शकतो तो याच आधारावर, आणि मिठागराच्या मिठाला हा आधार लागू पडत नाही. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली घरी समुद्र बनवायची कृती दिली तेव्हा तिच्यातही साध्या मिठाबरोबर एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्लोराइड होतेच.

मीठ कालवायचं ते नेहमी वेगळ्या पिंपात. आधी पाणी, मग थोडं-थोडं मीठ, आणि आतला पंप चोवीस तास चालू. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी दाट खारं पाणी तयार होऊन त्यातला चुना पांढऱ्या भुकटीसारखा बसून जातो, तो मग विरघळत नाही. दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या आसपास मीठ लागतं. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकू नये.

गोड्या पाण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. केळवे-माहीमच्या बागायतीतल्या विहिरी गोड लागतात, पण किनाऱ्याजवळ उपसा वाढला की त्यांना खारं लागतं, आणि शेतातली खतं नायट्रेटच्या रूपानं पाण्यात उतरतात. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते, पावसाळ्यात जास्तच. ती माणसाला वाचवते, पण माशाचे कल्ले जाळते आणि ज्या जिवाणूंवर टाकी उभी राहायची आहे त्यांनाही मारते. म्हणून आरओचं पाणी घ्यावं. पिण्याच्या वीस लिटरच्या जारचं चालतं, मात्र टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात आणि आकडा तीस-पन्नासपर्यंत जातो. शून्याच्या जवळ हवा असेल तर आरओनंतर रेझिनची एक नळी जोडतात. सिलिकेट राहिलं तर पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी डायटमचा थर धरतो. तो पाहून माणसं घाबरतात, पण तो आपोआप ओसरतो.

आता मुख्य गोष्ट. टाकी भरली, पाणी आरशासारखं झालं, खारेपणा बरोबर आला. याच दिवशी मासे सोडले की बहुतेक टाक्या मरतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणंही कुजून अमोनियाच देतं. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातलं वायूचं रूप विषारी. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच सातच्या आसपास असला तर विषारी रूपाचा वाटा एक टक्काही नसतो. समुद्री टाकीचा पीएच ८.२ आणि तापमान २८ अंश असलं तर तोच वाटा आठ-नऊ टक्क्यांवर जातो. गोड्या पाण्याचे मासे वर्षानुवर्षं सांभाळलेला हुशार माणूस खाऱ्या टाकीत पहिल्या आठवड्यात का फसतो, याचं कारण इथे आहे. त्याचा अंदाज चुकलेला नसतो, पाणीच वेगळं असतं.

या अमोनियाची वाट लावणारे जिवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये वस्ती करतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि त्यानंतर शंभर वर्षं सगळ्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी छापली जात राहिली. १९९८ साली टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टाक्यांमध्ये दुसरं काम प्रत्यक्षात नायट्रोस्पिरा करतात. नंतर कळलं की पहिल्या कामातही जिवाणूंइतकाच, कधी जास्त वाटा आर्किया नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा असतो. २०१५ साली तर दोन्ही कामं एकटीच करणारी नायट्रोस्पिराही सापडली. दुकानातल्या बाटल्यांवर मात्र अजून जुनीच जोडी वाचायला मिळते.

हे जीव फार सावकाश वाढतात. दूध नासवणारा जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतो. यांना अर्धा-एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणून नवी टाकी पिकायला चार ते सहा आठवडे लागतात आणि घाई करून ते कमी होत नाहीत.

त्यांना वाढायला खाऊ हवा, म्हणजे अमोनियाच. तो कुठून द्यायचा यावर जुना वाद आहे. पूर्वी दुकानदार दोन-चार डॅमसेल द्यायचे, "हे चिवट असतात, यांच्यावर टाकी चालू करा" म्हणून. मासा जगतो, पण कल्ले भाजलेले घेऊन जगतो. हे मला मान्य नाही आणि आता त्याची गरजही नाही. दुसरी रीत म्हणजे एक सोललेली कोळंबी टाकीत टाकून कुजू द्यायची. चालते, पण किती अमोनिया झाला हे आपल्या हातात राहत नाही. तिसरी रीत सगळ्यांत सरळ: नवसागर. कल्हईवाला भांड्याला कल्हई लावताना जो पांढरा धूर काढतो तोच हा अमोनियम क्लोराइड. कल्हईचा नवसागर मात्र घेऊ नये, त्यात धातूंची भेसळ असू शकते. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातला शुद्ध घ्यावा. दीडशे लिटरला एक ग्रॅम घातला की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. रोज मोजत राहायचं. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरून नायट्रेट चढतं. पुन्हा एक ग्रॅम घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझा अनुभव मधला आहे. चांगल्या, थंड साठवलेल्या, मुदतीतल्या बाटलीनं दोन आठवडे वाचतात. बोईसर-पालघरच्या मे महिन्यात दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलेल्या बाटलीत काय जिवंत उरलं असेल ते सांगता येत नाही. शिवाय कोळंबीशेतीत वापरतात तो प्रोबायोटिक वेगळा. तो गाळ खातो, अमोनियाचं नायट्रेट करणारा नाही.

नायट्राइटची भीती थोडी कमी करायला हवी. गोड्या पाण्यात ते जीवघेणं आहे, कारण ते कल्ल्यांतून क्लोराइडच्या वाटेनं आत शिरतं. समुद्रात लिटरमागे १९ ग्रॅम क्लोराइड ती वाट आधीच अडवून बसलेलं असतं. म्हणून खाऱ्या टाकीत नायट्राइटचा मासा मरण्याइतका परिणाम क्वचित होतो. पण ते असलं की नायट्रेटची चाचणी खोटी बोलते, कारण ती नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजते. टाकी पिकत असताना "नायट्रेट शंभर!" म्हणून धावणारे लोक बहुतेक वेळा नायट्राइटच मोजत असतात.

हे जिवाणू काम करताना पाण्याची अल्कलिनिटी खातात, याकडे नवशिक्याचं लक्ष जात नाही. अल्कलिनिटी म्हणजे आम्लाला तोंड द्यायची पाण्याची ताकद. टाकीवाले तिला केएच म्हणतात. समुद्रात ती सातच्या आसपास असते. एक ग्रॅम नवसागराचा अमोनिया पुरता पचेपर्यंत केएच सुमारे पाऊण अंशानं उतरते. दोन-तीनदा नवसागर घातला आणि दुसरं काही केलं नाही की पीएच खाली घसरू लागतो आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. उपाय स्वयंपाकघरात आहे. दीडशे लिटरला साडेचार ग्रॅम खायचा सोडा केएच एक अंशानं वाढवतो. आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपासमोर, हळूहळू घालायचा.

खारेपणा मोजायच्या साधनावर पैसे वाचवू नयेत. प्लॅस्टिकचा काटा हलणारा हायड्रोमीटर हवेच्या एका बुडबुड्यानं चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावून ठेवणं पुरेसं नाही. अनेक स्वस्त उपकरणं साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यावर दीड-एक अंश चुकतात. घरच्या घरी तपासायचं तर ३६.५ ग्रॅम टेबल सॉल्ट ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवावं. हे द्रावण प्रकाश तितकाच वाकवतं जितका ३५ खारेपणाचा समुद्र. काचेत ३५ दिसलं पाहिजे, घनतेत १.०२६.

बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ टाकीतच राहतं. दीडशे लिटरच्या उघड्या टाकीतून उन्हाळ्यात रोज तीन लिटर सहज उडतं. चार दिवस दुर्लक्ष केलं तर ३५ चा खारेपणा ३८ वर पोचतो. भरून काढायचं ते गोड्या आरओ पाण्यानं, खाऱ्या नव्हे. काचेवर स्केचपेननं एक रेघ मारून ठेवावी आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी आणावं, एवढंच.

पाणी बदलण्याचा हिशेबही एकदा कागदावर करून पाहावा. नायट्रेट ५० असेल आणि एकदम निम्मं पाणी बदललं तर ते २५ वर येतं. दर आठवड्याला दहा टक्के असं पाचदा बदललं तर तेवढंच पाणी जाऊनही ते २९-३० पर्यंतच उतरतं. तरीही मी दर आठवड्याची दहा टक्क्यांची रीत सुचवतो. माशाला पाण्याचा धक्का बसत नाही आणि तळाची घाण दर वेळी निघत राहते. हीच टाकीची ओहोटी. नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट मात्र धरू नये. मासे वीस-तीसला आरामात राहतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेटचा चिकट, बुडबुडेदार थर येतो. तो घालवणं हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड आहे.

पाणी राखण्याची आणखी एक वाट १९६० च्या सुमारास जकार्ताच्या ली चिन एंग यांनी दाखवली. खऱ्या समुद्राचं पाणी, प्रवाळभिंतीवरचे जिवंत दगड, आणि हवेचा एक बारीक पंप. बाकी काही नाही. दगडाच्या पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्रेट होतं, आतल्या प्राणवायू नसलेल्या पोकळ्यांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. जगभरच्या प्रवाळ-टाक्या पुढे याच वाटेनं गेल्या. पण आपल्याकडे हे दगड घ्यायचे नाहीत. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाला जी अनुसूची तीच यांना मिळाली. "हा मेलेला दगड आहे, चालतो" असं सांगून कुणी प्रवाळाचा सांगाडा विकत असेल तर तोही गुन्हाच आहे. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात. ते पिकायला जास्त वेळ घेतात, म्हणून आपल्याकडे चार आठवड्यांऐवजी सहा धरावेत. माशांचंही तसंच. मासे पैदास केलेलेच मागावेत. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननं ऐरोलीला शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी सुरू केली, आणि क्लाऊनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं केव्हाच जमवली आहे. हॅचरीत वाढलेलं पिल्लू टाकीच्या पाण्याला समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा लवकर रुळतं.

आपल्या हवामानाबद्दल परदेशी पुस्तकं फारशी उपयोगी पडत नाहीत. तिथे हीटर लागतो, इथे थंडावा. मे महिन्यात कौलारू घरातली टाकी दिवा आणि पंपाच्या उष्णतेनं ३२ अंशांवर जाते. २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम मावतो, गोड्या पाण्यात पावणेआठ. तापमान चढलं की तोही घटतो, आणि माशाची व जिवाणूंची गरज मात्र वाढते. पाण्यावर तिरपा लावलेला साधा टेबलफॅन दोन-तीन अंश उतरवतो. पण जूनमध्ये हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि पंखा थकतो. तेव्हा दिव्याचे तास कमी करावेत, झाकण काढावं, खाणं निम्मं करावं.

आणि लाईट. पहिल्या पावसात सुरूचं एखादं झाड तारेवर पडलं की माहीम-केळव्यात रात्र रात्र लाईट नसते. बंद पडलेल्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत प्राणवायू संपवतात आणि कुजू लागतात. लाईट आल्यावर तसाच फिल्टर चालू केला तर ते सडकं पाणी थेट टाकीत येतं. आधी तो उघडून टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावा. सेलवर चालणारा हवेचा पंप दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो टाकीआधी घ्यावा असं मी सांगतो. तोही नसेल तर तांब्या घ्यावा. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला घरी नेले. पाण्यात हवा भरायला पंप नव्हते. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही, आणि ते प्रवाळ जगले. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या ओटीवर मेणबत्ती लावून घरातल्या चौघांनी आळीपाळीनं तेच केलं. तांब्याभर पाणी वर उचलायचं, हातभर उंचीवरून सोडायचं. पहाटे साडेचारला लाईट आली. मासे दोनच होते, दोन्ही राहिले.

टाकी पिकली, नवसागर चोवीस तासांत पचू लागला, तपकिरी थर जाऊन काचेवर हिरवट साय धरू लागली की एक मोठा पाणीबदल करावा, तीस-चाळीस टक्के, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरतं. मग दोन लहान क्लाऊनफिश. दोनच. जिवाणूंची वस्ती जेवढा खाऊ मिळतो तेवढीच राहते. एकदम सहा मासे आले की ती पुन्हा अपुरी पडते आणि अमोनिया दिसू लागतो. पहिल्या दिवशी खायला देऊ नये. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. तिसऱ्या दिवशी सकाळी, दिवा लावायच्या आधी, अमोनिया आणि केएच मोजावी. पहाटे पीएच सगळ्यांत खाली असतो, तोही तेव्हाच पाहावा. आकडे वहीत तारखेसह लिहावेत. पुढचा मासा आणायचा तो त्या वहीतला अमोनिया सलग तीन आठवडे शून्य राहिल्यावर.